एक वर्ष फक्त एपिकवर: अशा करारांनी पीसी गेमर्सचं भलं झालं की नुकसान?

खिडकीवाला

एपिक या गेम कंपनीचं पीसी गेम विकणारं ऑनलाइन स्टोअर डिसेंबर २०१८ मध्ये आलं, तेव्हापासून हा वाद चालू आहे: पैसे देऊन एखादा गेम काही काळ फक्त आपल्याच स्टोअरवर ठेवणं (एक्सक्लुझिव्ह) बरोबर आहे का? माझं मत: दुसऱ्या दुकानात मांडलेला गेम पैसे मोजून उचलून नेणं गैर आहे. मेट्रो एक्सोडस या गेमची स्टीम या प्रतिस्पर्धी ऑनलाइन दुकानात आगाऊ विक्री सुरू होती, १५ फेब्रुवारी २०१९ ही तारीखही ठरली होती. जेमतेम अडीच आठवडे उरले असताना तो वर्षभरासाठी एपिककडे गेला. आधी पैसे भरलेल्यांना स्टीमवर मिळाला, बाकीच्यांना नाही.

शेनमू ३ चं प्रकरण याहून वाईट. २०१५ मध्ये लोकवर्गणी गोळा झाली, पीसीवाल्यांना स्टीमची की (गेम चालू करण्याचा कोड) मिळेल असं सांगितलं गेलं आणि जून २०१९ मध्ये गेम फक्त एपिकवर येणार असं कळलं. रिफंड देऊ केला, पण ओरड झाल्यावर. शिवाय त्या स्टोअरला साधं कार्ट (एकदम अनेक गेम घेण्याची सोय) यायला डिसेंबर २०२१ उजाडला.

निळा पडदा

शेनमूबद्दल तुमचं पटतं, तिथे दिलेला शब्द मोडला. मेट्रोचा हिशोब मात्र करून बघा. विक्रीतला स्टीमचा वाटा ३०%, एपिकचा तेव्हा १२%. स्टीमवर ६० डॉलरला विकला तर पब्लिशरच्या हातात ४२ येतात. अमेरिकेत एपिकने तो ५० ला लावला, त्यातले ४४ पब्लिशरला मिळाले. गिऱ्हाइकाचे दहा वाचले आणि बनवणाऱ्याला दोन जास्त मिळाले. गेम एपिकच्याच अनरिअल इंजिनवर (गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर) असेल तर एपिकच्या स्टोअरवरच्या विक्रीवर ५% रॉयल्टीही लागत नाही.

स्टीम वाटा कमी करतं, पण एक कोटी डॉलरच्या विक्रीनंतर २५% आणि पाच कोटींनंतर २०%. म्हणजे सवलत मोठ्यांनाच. छोटा स्टुडिओ ३० वरच अडकतो.

चौथा गियर

@निळा पडदा, मेट्रो हा अपवाद होता. बॉर्डरलँड्स ३ अनरिअलवरच बनला, सप्टेंबर २०१९ मध्ये एपिकवर आला आणि किंमत राहिली ६० डॉलरच. एपिक विरुद्ध ॲपल खटल्यातल्या कागदपत्रांनुसार त्या व्यवहाराची रक्कम १४ कोटी ६० लाख डॉलर होती, त्यात ८ कोटींची किमान हमी. म्हणजे वाट्यातला फरक पब्लिशरकडे, आगाऊ रक्कमही पब्लिशरकडे आणि खेळणाऱ्याच्या वाट्याला सहा महिने थांबणं.

गोंडेदार

किमान हमी म्हणजे काय ते नीट मांडतो, कारण अनेकजण तिला बक्षीस समजतात. ती विक्रीतून वळती होणारी उचल आहे. समजा २० डॉलरचा गेम आणि १० लाखांची हमी. एपिकचा तेव्हाचा १२% वाटा वजा जाता प्रत्येक प्रतीमागे डेव्हलपरचे १७.६० डॉलर. सुमारे ५६,८०० प्रती खपेपर्यंत नवा पैसा येत नाही, त्यानंतर येतो. ३० हजारच खपल्या तर उरलेले ४ लाख ७२ हजार स्टोअरच्या डोक्यावर. (कर आणि रिफंड बाजूला ठेवलेत.) ज्या स्टुडिओकडे सहा महिन्यांचेच पगार शिल्लक आहेत, त्याला यात जीवदान आहे. हेडीज हा गेम डिसेंबर २०१८ मध्ये एपिकवर अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आला, वर्षभर घासूनपुसून मग स्टीमवर गेला. त्याचं काहीच बिघडलं नाही.

चौथा गियर

हमी असेल तोवर ठीक. पण एपिकच्या २०२३ च्या 'फर्स्ट रन' योजनेत आगाऊ काही नाही. पहिले सहा महिने १००% वाटा, बदल्यात गेम दुसऱ्या स्टोअरवर ठेवायचा नाही. तोच २० डॉलरचा गेम: स्टीमवर हातात १४, इथे पूर्ण २०. म्हणजे स्टीमवर खपल्या असत्या त्याच्या ७०% प्रती एकट्या एपिकवर खपल्या तरच बरोबरी. कमी पडल्या तर खड्डा डेव्हलपरचा, स्टोअरचा नाही. स्टीमची विशलिस्ट (गेमची वाट बघणाऱ्यांची यादी) सहा महिन्यांनी कामी येते, पण तोवर गेमची चर्चा थंडावलेली असते. छोट्या स्टुडिओने सही करण्याआधी हा ७०% चा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

निळा पडदा

हे मान्य. हमीशिवाय एक्सक्लुझिव्ह देऊ नये.

खेळणाऱ्यांसाठीही एक सांगतो, इथे बरेचजण फसतात: एका स्टोअरवर मूळ गेम आणि दुसऱ्यावर डीएलसी (त्याच गेमची वेगळी विकली जाणारी पुरवणी) घेतलं तर ते जुळत नाही. सेव्ह (खेळातली साठवलेली प्रगती) मात्र बहुधा हलवता येतात. सॅटिस्फॅक्टरी या गेमचे सेव्ह ॲपडेटा, लोकल, फॅक्टरीगेम, सेव्ह्ड, सेव्हगेम्स या फोल्डरांत असतात. आत एपिक आणि स्टीमच्या आयडीचे वेगळे फोल्डर. नव्या स्टोअरवर गेम एकदा सुरू करून सेव्ह करा म्हणजे नवा फोल्डर तयार होतो. मग गेम बंद करून जुन्या फाइल्स त्यात कॉपी करा. मूळ प्रत पुसू नका.

खिडकीवाला

गोंडेदार, उचलीचा मुद्दा पटला. माझा आक्षेप मग नेमका करतो. अ‍ॅलन वेक २ वर एपिकने स्वतःचे पैसे घातले, तो गेम त्यांनीच प्रकाशित केला. तो स्टीमवर नाही, यावर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्याची विक्री दुसरीकडे सुरू झाली किंवा ज्यासाठी लोकांनी वर्गणी दिली, तो गेम मधेच हलवण्यावर. एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनी एप्रिल २०१९ मध्ये म्हटलं होतं की स्टीमने सर्वांना कायमचा ८८% वाटा दिला तर आम्ही एक्सक्लुझिव्ह थांबवू. स्टीमने दिला नाही. पण त्या भांडणाची किंमत शेनमूला वर्गणी देणाऱ्यांनी का मोजायची?