सोपी कामे यंत्राकडे गेली, तर नवखा माणूस काम शिकणार कुठे?

प्रश्न (विभागप्रमुख, पुणे)

मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर सेवा कंपनीत काम करतो. एका अमेरिकी विमा कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी आणि विनंत्या हाताळणारा २४ जणांचा विभाग माझ्याकडे आहे. त्यांतील नऊ जण गेल्या दोन वर्षांत महाविद्यालयातून थेट आमच्याकडे आलेले आहेत. येत्या तिमाहीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी एक प्रणाली आमच्या कामात येणार असून ती दोन गोष्टी करील. अवघड तिकिटांसाठी (ग्राहकाच्या प्रत्येक तक्रारीच्या किंवा विनंतीच्या नोंदीला आम्ही तिकीट म्हणतो) ती जुन्या नोंदी चाळून उत्तराचा मसुदा समोर ठेवील, आणि पासवर्ड, पत्ताबदल, पावती न मिळणे अशी सोपी तिकिटे माणसाचा हात न लागता स्वतःच बंद करील.

वरिष्ठांच्या सूचनेवरून गेल्या महिन्यात मी नेतृत्व आणि कामाचे भवितव्य या विषयावरच्या सात-आठ तज्ज्ञचर्चा ऐकल्या. ऑक्सफर्डचे संशोधक फ्रे आणि ऑसबर्न यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील ४७ टक्के रोजगार स्वयंचलनाच्या मोठ्या धोक्यात असल्याचे म्हटले होते, तर ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या २०१६ च्या अभ्यासाने व्यवसायांऐवजी त्यांतील प्रत्यक्ष कामे मोजली आणि तोच आकडा ९ टक्क्यांवर आणला. जागतिक आर्थिक मंचाचा २०२५ चा अहवाल २०३० पर्यंत १७ कोटी नवे रोजगार येतील आणि ९.२ कोटी जातील असे सांगतो. हे सर्व आकडे मी वहीत लिहून घेतले आणि विभागातल्या बैठकीत यांतला कोणता वाचून दाखवावा याचा विचार केला, तर एकही कामाचा वाटला नाही.

माझी अडचण त्याहून लहान आणि जवळची आहे. मी स्वतः हे काम सोप्या तिकिटांवर शिकलो. ग्राहकाने पत्ता बदलायला सांगितला आणि नवा पत्ता दुसऱ्या राज्यातला असेल, तर हप्त्याचा दर आणि लागू होणारे नियम दोन्ही बदलतात, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कळले नव्हते; पन्नासएक पत्ते बदलल्यावर एका चिडलेल्या ग्राहकाने ते शिकवले. ही पन्नास तिकिटे यापुढे नवख्यांच्या वाट्याला येणार नसतील, तर चार वर्षांनी अवघड तिकिटे सोडवणारे लोक मी कोठून आणू? दुसरे असे की, व्यवस्थापनाने सध्या विभागात काही बोलू नका असे सांगितले आहे, पण चहाच्या टपरीवर सर्वांना सर्व ठाऊक आहे. अशा वेळी प्रमुखाने काय बोलावे?

प्रतिसाद १ (निवृत्त बँक अधिकारी, सांगली)

आपला प्रश्न वाचून मला आमच्या बँकेतली १९८० च्या दशकातली वर्षे आठवली, कारण संगणक येणार म्हटल्यावर आमच्या शाखेतही नेमके हेच चालले होते. त्या काळी तज्ज्ञांची चर्चा म्हणजे बँकांच्या संगणकीकरणावरचा रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल, आणि त्याच सुमारास बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात झालेले करार. यंत्रे किती, कोणत्या शाखांत आणि कोणत्या कामासाठी, ती चालवणाऱ्याला विशेष भत्ता किती, असे सर्व त्यांत ठरत असे. त्या करारांमुळे देश मागे राहिला अशी टीका मी पुष्कळ ऐकली आहे आणि ती अगदीच निराधार नाही. मात्र यंत्र येण्यापूर्वी दोन्ही बाजू टेबलाशी बसल्या होत्या, एवढे तरी मान्य करावे लागेल.

शिकण्याबद्दल सांगायचे, तर आमची शाळा म्हणजे लेजरचे, म्हणजे खातेवहीचे, बॅलन्सिंग. महिनाअखेरीस शे-दीडशे पानांची बेरीज मुख्य खात्याशी जुळली नाही, की रात्री आठ-नऊपर्यंत फरक शोधत बसायचे. फरकाला नवाने भाग गेला, तर कोणीतरी आकडे उलटसुलट लिहिले आहेत, म्हणजे ५४ चे ४५ झाले आहेत. आणि फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या व्हाउचरवर सापडली, तर जमेची नोंद नावे पडली आहे, हे जुना हेडक्लार्क पानही न उलटता सांगायचा. हे काम कंटाळवाणे होते आणि ते यंत्राकडे गेल्याचे मला तिळमात्र दुःख नाही. पण फरक शोधता शोधता एक व्यवहार किती ठिकाणी नोंदला जातो आणि कुठे चुकू शकतो, हे अंगात मुरत असे. खातेवहीतल्या नोंदी करणारे लेजर पोस्टिंग मशीन आल्यावर भरती झालेल्या हुशार मुलांना ते मुरायला जागाच उरली नाही, आणि ते कुठे शिकवायचे याचा विचार कोणी केला नाही.

त्याची किंमत पुढे मोजावी लागली. २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि देशभरातून लाखाहून अधिक कर्मचारी बाहेर पडले. आमच्या शाखेतले दोन्ही जुने हेडक्लार्क त्यांत गेले. पुढे काही वर्षांत कोअर बँकिंगसाठी, म्हणजे सर्व शाखा एकाच संगणकप्रणालीवर आणण्यासाठी, जुनी खाती नव्या प्रणालीत न्यायची वेळ आली, तेव्हा वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या नोंदींचा अर्थ लावणारे कोणी नव्हते. शेवटी त्यांतल्या एकाला घरी जाऊन विचारावे लागले. त्यांनी चहा पाजला, सगळे समजावून सांगितले आणि निघताना एवढेच विचारले की, हे लिहून ठेवायला तेव्हा कोणी का सांगितले नाही. मी त्या वेळी शाखाधिकारी होतो. उत्तर माझ्याकडेच मागितले होते.

आमच्याकडे एक गोष्ट मात्र बरी झाली होती. यंत्र आल्यावर पहिले तीन महिने लेजर आणि मशीन दोन्ही चालू ठेवली होती. दुप्पट काम म्हणून सगळे वैतागले, पण यंत्राच्या चुका आणि आपल्या चुका यांतला फरक त्याच तीन महिन्यांत कळला.

प्रतिसाद २ (व्यवस्थापनशास्त्राची प्राध्यापक, नाशिक)

आपण दोन वेगळ्या गोष्टी एका प्रश्नात बांधल्या आहेत, त्या सोडवून पाहाव्यात असे मला वाटते. मसुदा पुढे ठेवणारे यंत्र आणि तिकीट परस्पर बंद करणारे यंत्र यांचा नवख्यांवर होणारा परिणाम जवळजवळ उलट आहे.

पहिल्या प्रकाराबद्दल बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड या संशोधकांनी २०२३ मध्ये ग्राहकसाहाय्याच्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. तासाला सुटणाऱ्या तक्रारींचे प्रमाण सरासरी १४ टक्क्यांनी वाढले, पण नवख्यांमध्ये ही वाढ ३४ टक्के होती आणि मुरलेल्यांमध्ये नगण्य. यंत्र उत्तम कर्मचाऱ्यांच्या जुन्या संभाषणांवरून शिकले होते आणि तीच हातोटी ते नवख्यांच्या कानात सांगत होते, असा त्याचा अर्थ लावला जातो. काही कारणाने प्रणाली बंद पडली तेव्हाही ती वापरलेले लोक आधीपेक्षा बरे काम करत होते, म्हणजे काहीतरी शिकणे घडले होते. (उत्तम कर्मचाऱ्यांना त्यांच्या हातोटीचे जादा पैसे मिळाले का, हा प्रश्न मला चर्चांमध्ये फारसा ऐकू येत नाही.) मात्र या सर्व काळात उत्तर पाठवायचे की नाही हे माणूसच ठरवत होता.

तुमची भीती दुसऱ्या प्रकाराला लागू पडते आणि ती जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते की, स्वयंचलनाने सोपे काम काढून घेतले की माणसाकडे फक्त यंत्राला न जमलेले अवघड काम उरते, आणि ते करण्यासाठी लागणारा सराव तर सोप्या कामातूनच होत असतो. त्यांच्यासमोर रासायनिक कारखान्यांसारख्या उद्योगांतील नियंत्रणकक्ष होते. तुमच्यासमोर पत्ताबदल आहे.

त्यात भर म्हणजे कोणते काम यंत्राला सोपे आणि कोणते अवघड, याची सीमा आपल्याला वाटते तशी सरळ नसते. एका सल्लागार कंपनीतील ७५८ जणांवर २०२३ मध्ये झालेल्या प्रयोगात यंत्राच्या आवाक्यातली कामे लोकांनी जलद आणि अधिक चांगली केली, पण मुद्दाम आवाक्याबाहेरचे निवडलेले काम दिल्यावर यंत्र वापरणाऱ्यांमध्ये बरोबर उत्तरांचे प्रमाण १९ टक्के-बिंदूंनी कमी भरले. परराज्यात गेलेल्या ग्राहकाचा पत्ताबदल हा असाच सोपा दिसणारा प्रकार आहे. तो परस्पर बंद होणाऱ्या यादीत आहे का, हे आजच तपासा.

आणखी एक सूचना आहे. प्रणाली आल्यावर विभागाला ‘काम हलके वाटते का’ असे विचारून निष्कर्ष काढू नका. २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांवर झालेल्या एका प्रयोगात यंत्राच्या मदतीने काम १९ टक्के हळू झाले, तरी ते करणाऱ्यांना आपण २० टक्के जलद झालो असेच वाटत होते. नमुना लहान आहे, पण पुन्हा उघडावी लागलेली तिकिटे मोजायला खर्च काहीच नाही.

प्रतिसाद ३ (स्वतंत्र सल्लागार, ठाणे)

प्राध्यापकबाईंचे सर्व पटले, पण पैशांचा प्रश्न कोणीच काढला नाही. ग्राहक तुम्हाला माणसांच्या तासांवर पैसे देतो की तिकिटांवर? तासांवर देत असेल, तर प्रणाली आल्याच्या दुसऱ्या महिन्यात तो २४ ऐवजी १६ माणसांचे बिल मागेल आणि शिकण्यासाठी लागणारा वेळ सर्वांत आधी कापला जाईल. तिकिटांवर देत असेल, तर वाचलेला वेळ निदान काही काळ तुमचा आहे. ही वीस वर्षे मी असे करार लिहिण्यात घालवली आहेत. नवख्याच्या शिक्षणाचा खर्च आपल्या धंद्यात नेहमी सोप्या कामाच्या बिलात लपलेला असे. आता तो उघडा पडेल आणि कोणी भरायचा यावर भांडण होईल. चर्चांमध्ये ‘धाडसी नेतृत्व’ म्हणतात ते मला तरी करार-नूतनीकरणाच्या बैठकीतच दिसले आहे, आणि तेही क्वचित.

प्रतिसाद ४ (अभियंता, श्टुटगार्ट)

मी मूळचा कोल्हापूरचा असून गेली ११ वर्षे जर्मनीत आहे आणि आमच्या कारखान्यातील कर्मचारी-मंडळाचा निवडून आलेला सदस्य आहे. ‘काही बोलू नका’ या आदेशाबद्दल लिहितो, कारण इथे तो देताच आला नसता. इथल्या कायद्यानुसार पाच कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेतही असे मंडळ निवडता येते. ज्या तांत्रिक साधनाने कर्मचाऱ्याच्या वागणुकीवर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवता येईल, ते मंडळाच्या संमतीविना लावता येत नाही. आणि तिकिटे मोजणारी जवळजवळ प्रत्येक प्रणाली त्यात मोडते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर समजून घ्यायचा असेल, तर मंडळाला मालकाच्या खर्चाने तज्ज्ञ बोलावता येतो.

याने सर्व गोड होते असे नाही. आमच्याकडे एका प्रणालीवर १४ महिने चर्चा चालली आणि तोवर तिची पुढची आवृत्ती आली होती. पण त्या चर्चेतून एक कलम निघाले, ते तुमच्या उपयोगाचे आहे. शिकाऊ कामगाराने विशिष्ट कामे ठरावीक वेळा यंत्राविना केल्याशिवाय त्याला प्रणालीचा प्रवेश मिळत नाही.

प्रतिसाद ५ (कामगार कायद्याचे वकील, मुंबई)

जर्मनीइतके नसले तरी आपल्याकडे काहीच नाही असे समजू नये. कामगारकपात होण्याची शक्यता असलेला यंत्र किंवा तंत्रातील बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-क मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे, आणि कपात झालेल्या कामगारासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतका पुनःकौशल्य निधी मालकाने भरायचा आहे. प्रमुख म्हणून आपण स्वतः ‘कामगार’ या व्याख्येत बहुधा बसणार नाही, पण तांत्रिक काम करणारे आपले नऊ जण बसतात का, हा प्रश्न मनुष्यबळ विभागाला लेखी विचारण्याजोगा आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. सांगलीच्या काकांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी आमच्यातील सर्वांत जुन्या सहकारी ताईंना विचारले की, त्यांना ठाऊक असलेले पण कुठेही न लिहिलेले असे काय आहे. त्यांनी तासाभरात २७ प्रकार सांगितले. त्यांतले चार परस्पर बंद होणाऱ्या यादीत निघाले. ते चारही मी यादीतून काढून घेतले आहेत, त्यात परराज्यातला पत्ताबदल आहेच.

श्टुटगार्टच्या कलमावरून नवख्यांसाठी पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येक सोप्या प्रकाराची २० तिकिटे मसुद्याविना हाताने सोडवण्याचा प्रस्ताव वर पाठवला आहे. आमचा करार तासांवरचा आहे, त्यामुळे ठाण्याच्या सल्लागारांनी सांगितलेली अडचण तशीच उभी आहे आणि या प्रस्तावाचे तास कोणाच्या खात्यावर टाकायचे हे ठरलेले नाही. मनुष्यबळ विभागाला पत्र गेले आहे, उत्तर आलेले नाही.

विभागाशी मात्र मी काल बोललो. एक, प्रणाली कधी येणार; दोन, ती कोणती तिकिटे घेणार; आणि तीन, पुढच्या मार्चनंतर किती जण राहतील हे मला ठाऊक नाही, एवढे तीन मुद्दे सांगितले. तिसरा मुद्दा सांगितल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सर्वांत नव्या मुलीने विचारले की, ताईंचे २७ प्रकार तिला आज मिळतील का.

ते पाठवले आहेत. वरिष्ठांना अजून सांगायचे आहे.