मदत हवी आहे: सातारा–मेढा–वाई–लिंब–माहुली सायकल फेरी, हायवे टाळून

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतरच्या एखाद्या शनिवार-रविवारी मी आणि माझे काका साताऱ्याहून सायकलवर एक गोल फेरी मारायचं ठरवतोय. पहिल्या दिवशी साताऱ्याहून वेण्णेच्या खोऱ्यातून, कण्हेर धरणावरून मेढा, तिथून मधली डोंगराची धार ओलांडून कुडाळ, मग पाचवड आणि वाईत मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवली आणि धोम बघून परत वाई, आणि मग कृष्णेच्या कडेकडेने लिंब, क्षेत्र माहुली करत साताऱ्यात. सगळं मिळून शंभर-एकशेदहा किलोमीटरच्या आसपास होईल असं वाटतंय.

काका त्रेसष्ट वर्षांचे आहेत. सांगलीत राहतात आणि रोज सकाळी हरिपूरच्या बाजूला सायकल मारतात, त्यामुळे दम चांगला आहे, पण सवय सगळी सपाटीची. त्यांच्या हायब्रिड सायकलला पुढे तीन दातेरी चकत्या आहेत, सगळ्यात लहान २८ दातांची, आणि मागची मोठी ३४ची. म्हणजे सावकाश चढायला गियर पुरेसे आहेत. माझी रोड बाईक आहे, म्हणजे अरुंद टायरची सायकल, २८ मिलिमीटरचे टायर. खडी उखडलेल्या रस्त्यावर काकांपेक्षा मलाच जास्त त्रास होणार.

केळघर घाटाने महाबळेश्वरला चढून पसरणीने वाईत उतरा, असं बरेच जण सुचवतील. पण सातारा सातशे मीटरच्या आसपास आणि महाबळेश्वर साडेतेराशेच्या वर. हा चढ काकांना नको आहे, आणि सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटात पर्यटकांच्या गाड्यांमधून उतरायची माझी तयारी नाही. आम्हाला नदीच्या काठची गावं बघत जायचंय. काकांचं लहानपण वाईत गंगापुरीत गेलं. कृष्णाबाईच्या उत्सवाबद्दल ते बोलायला लागले की थांबत नाहीत: प्रत्येक घाटाचा उत्सव वेगळा, एका आळीचा संपला की दुसरीचा सुरू. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती का बांधलीय, तर पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून, हे मला त्यांनीच पहिल्यांदा दाखवलं. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं देऊळ इतके पूर सोसून उभं आहे. त्यांना हे सगळं पुन्हा एकदा सायकलवरून बघायचंय, आणि मला ते त्यांच्याबरोबर बघायचंय.

आता अडचणी.

सगळ्यात मोठी अडचण पुणे-सातारा हायवेची. वाई-पाचवड रस्ता ठीक आहे, पण पाचवडपासून आनेवाडी टोलनाक्यावरून लिंब फाट्यापर्यंत हायवेच धरावा लागतो असं नकाशात दिसतं. साईडपट्टीवरून उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या आणि मागून शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाड्या, यात काकांना घालायचं नाही. सर्व्हिस रोड सलग मिळतो का, की मध्येच तुटतो? भुईंजच्या बाजूने नदी ओलांडून गावागावांतून लिंबकडे उतरणारा डांबरी रस्ता कोणी सायकलने केलाय का? पाच-सात किलोमीटर वाढले तरी चालेल.

लिंब मला कोणत्याही परिस्थितीत सोडायचं नाहीये. तिथली बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसल्यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. अष्टकोनी विहीर, आतच छोटेखानी महाल, आणि वर एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी सोय. काकांनी इतकी वर्षं नुसतं ऐकलंय, पाहिलेली नाही. विहिरीपासून पुढे माहुलीच्या संगमापर्यंत हायवेला न लागता जायचं असेल तर वडूथकडून यावं का? की वाढे फाट्यावर बाहेर पडण्याशिवाय इलाज नाही?

दुसरं, मेढा ते कुडाळ. वेण्णा आणि कुडाळी या दोन खोऱ्यांमधली धार तिथे ओलांडायची आहे. चढ एकसलग आहे की टप्प्याटप्प्याने? पावसाळ्यानंतर रस्ता कसा असतो? चढ पहिल्याच सकाळी, अंग ताजं असताना आणि ऊन चढण्याआधी संपवावा म्हणून मी मेढ्याकडून सुरुवात ठरवलीय. उलट दिशेने आलं तर तो सौम्य पडतो असं कोणाचं म्हणणं असेल तर जरूर सांगा.

तिसरं, ऊस. दिवाळीनंतर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला असतो, आणि भुईंजला कारखाना असल्याने त्या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालणारच. मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ती डोलते. त्या दिवसांत सहाला अंधारतं, म्हणून आम्ही चारच्या आत मुक्कामाला पोचायचं ठरवलंय. पण कोणत्या रस्त्यावर किती वाजता ही वाहतूक जास्त असते, हे तिथल्या लोकांनाच नेमकं ठाऊक असणार.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट निवांत बघायचाय. वसईच्या मोहिमेनंतर आणलेली ती मोठी घंटाही तिथेच आहे. धोमला नृसिंहाचं देऊळ आणि कासवावरचा नंदी. दोन्ही ठिकाणी सायकली कुठे ठेवाव्यात? कुलूप नेणारच आहोत, पण कोणाच्या अंगणात विचारून ठेवता येत असतील तर जास्त बरं.

वाईत घाटापासून चालत जाता येईल अशी साधी, स्वच्छ राहायची जागा माहीत असेल तर सुचवा, सायकली आत घेऊ देणारी हवी. पंक्चरचं आमचं आम्ही पाहू. ट्यूब आणि पंप जवळ आहेत.

पाचवड ते लिंब आणि लिंब ते माहुली हे दोन तुकडे कोणी गेल्या वर्षभरात सायकलने केले असतील, तर कृपया आधी त्याबद्दल लिहा. ते जमत नसतील तर मी दुसऱ्या दिवशी वाईहून सायकली टेम्पोत घालून लिंबला उतरवीन आणि पुढचंच चालवू.