औंढ्याचं लायगो: २६०० कोटी कशाला?

कयाधूकाठ: औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहणार, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र. एप्रिल २०२३ला केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, आणि मोजायचं काय, तर लहरीमुळे नळ्यांतल्या आरशांची प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी हालचाल! अमेरिकेत अशी दोन यंत्रं आहेत, इटलीत व्हर्गो, जपानात काग्रा. लहरी २०१५लाच सापडल्या, नोबेलही देऊन झालं. मग हे वरातीमागून घोडं कशाला? तेवढ्यात हिंगोलीत किती सिंचन झालं असतं.

लंबक: "सापडल्या, संपलं" इथेच गडबड आहे. लहर कुठून आली हे एकट्या यंत्राला कळत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी ती किती मिलिसेकंदांच्या फरकाने पोचली, त्यावरून दिशा काढतात. १७ ऑगस्ट २०१७ची लहर दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची होती. व्हर्गोत ती जेमतेम दिसली, म्हणजे त्याच्या आंधळ्या कोपऱ्यातून आली असणार! तेवढ्यावरून शोधायचं आकाश आवळलं आणि दुर्बिणींना काही तासांत दीर्घिका सापडली, एनजीसी ४९९३. हिंगोली अमेरिकेपासून पार दुसऱ्या अंगाला, म्हणून तर हवी. आणि हे पैसे सिंचनातून कापले, असं कुठे आहे?

कयाधूकाठ: दिशेचं पटलं. पण मार्च २०२४ला इथे ४.५ रिश्टरचा धक्का बसला, घरातली भांडी वाजली. असलं नाजूक यंत्र इथेच?

काचतंतू: मोठा भूकंप जगात कुठेही झाला तरी ही यंत्रं डळमळतात, पुन्हा जुळवावी लागतात. खरी कटकट रोजच्या थरथरीची. म्हणून तर ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लंबकाला, शेवटी काचेच्या तंतूंवर टांगतात. अमेरिकेतल्या दोन यंत्रांपैकी लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला आगगाड्या नडतात. दुसऱ्या, हॅनफर्डच्या यंत्राला तर नायट्रोजनच्या थंड नळीवरचं हिम टोचणारे डोमकावळे पकडले गेले! माझा राग दिरंगाईवर आहे. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ची, पैशांची सात वर्षांनी. घोडं मागे पडलं ते दिल्लीच्या फायलींत.

लंबक: त्यावर वाद नाही. पण गोंगाटातून लहर वेगळी काढायच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेत संजीव धुरंधरांनी लहरी सापडण्याच्या कितीतरी आधीपासून काम केलंय. डोकं इथलं, यंत्र तिकडचं, असं किती दिवस चालवायचं?

कयाधूकाठ: बरं, होऊ द्या. पण आमच्या औंढ्या-वसमतची पोरं आत यंत्रावर दिसणार, की नुसती गेटवर शिट्टी घेऊन?