देवाचं येणं की आजार, कसं ओळखायचं?

आमचं गाव मालवणजवळ. माझा लहान भाऊ २३ वर्षांचा, गेले दोन महिने म्हणतो राखणदार, म्हणजे गावाची राखण करणारा देव, माझ्याशी बोलतो, झोप जवळजवळ नाही आणि आता आईच्या हातचं जेवत नाही, त्यात विष आहे म्हणतो. आजी म्हणते देवळात कौल लावूया, म्हणजे देवालाच विचारूया. मला डॉक्टरकडे न्यायचंय, पण देवाचा अपमान होईल अशी घरात भीती आहे.

उत्तर १
ताई, राखणदार मानणं हा आजार नव्हे, आपण सगळेच मानतो, नारळ ठेवतो. डीएसएम नावाचं डॉक्टरांचं जे पुस्तक आहे ना त्यातसुद्धा समाजात सर्रास असलेल्या श्रद्धेला भ्रम धरत नाहीत. जत्रेत अवसर येतो, म्हणजे अंगात देव येतो, तो ठरल्या वेळी येतो, उतरतो, माणूस दुसऱ्या दिवशी होडी घेऊन कामाला जातो. तुमच्या भावाची झोप गेली, जेवण सुटलं, आईवर संशय, हे वेगळं आहे, थांबू नका.

उत्तर २
माझ्या काकाचा असाच झाला होता, आम्ही वर्षभर गाऱ्हाणी घालत बसलो आणि तेवढा वर्ष फुकट गेला, अजून वाईट वाटता. औषध सुरू झाल्यावर सुधारलो, देवळात अजून जाता. रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय आहे. आधी १४४१६ वर फोन करा, टेलिमानस, सरकारची मनाच्या आजारांची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. आजीला कौल लावू दे, पण गाडी उद्याच सांगा.

मूळ प्रश्नकर्ती
फोन केला. आजी पण येते म्हणाली, अंगारा घेऊन.