'डूलॅली' म्हणजे आपली देवळालीच का?

यावलची ताई:
मंडळी, एका इंग्रजी मालिकेत बाई नवऱ्याला 'डूलॅली' म्हणाली. अर्थ वेडा. माझी लेक सांगते, हा शब्द देवळालीवरून आलाय. भुसावळ-देवळाली शटलची देवळाली? की पोरगी माझी फिरकी घेतेय?

चोपडेकर:
डुलणं वरून असेल. पिऊन माणूस डुलतो ना!

जुना गार्ड, भुसावळ:
डुलण्याचा काही संबंध नाही भो. लेक बरोबर सांगतेय. शटलवर माझी हयात गेली. देवळालीच्या फलाटावर फौजींच्या काळ्या पत्र्याच्या पेट्या, वर पांढऱ्या रंगात नाव-नंबर, हे नेहमीचं. तोफखान्याचं स्कूल आहे तिथे. पण शब्द त्याआधीचा.

इंग्रजांनी 1861 मध्ये तिथे छावणी टाकली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे येऊन थांबायचे, मग मुंबईहून बोटीने मायदेशी. बोटी मात्र साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच सुटायच्या. एखाद्याची मुदत एप्रिलात संपली, की पुढची बोट थेट पावसाळ्यानंतर. काम नाही, डोक्यावर ऊन, हातात दारू आणि मलेरिया पाठीला. काहींची डोकी फिरायची. मग सोबती म्हणायचे, याला 'डूलॅली टॅप' झालाय. हा टॅप नळाचा नव्हे, आपला ताप! हिंदुस्थानी बोलीतून त्यांनी उचललेला. म्हणजे देवळालीचा ताप. पुढे ताप गळाला, नुसतं 'डूलॅली' राहिलं. ळ त्यांच्या जिभेला कुठला झेपणार? स्टेशनच्या पाटीवर हिंदीतसुद्धा देवलालीच आहे.

चोपडेकर:
मग तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं, असं ऐकलंय ते?

जुना गार्ड, भुसावळ:
छावणी म्हटली की दवाखाना असणारच. पण शब्द निघाला तो ताटकळण्यातून. मनमाडला सिग्नल न मिळता गाडी उभी राहिली की आमचे प्रवासी अर्ध्या तासात डूलॅली व्हायचे, हे तर महिनोन्‌महिने बसलेले. आपल्याकडे म्हणतात तसं, याडा व्हई गया!

यावलची ताई:
दादा, आभारी आहे. मी ह्यांना म्हटलं तर चालेल ना?

जुना गार्ड, भुसावळ:
घरात थट्टेने खुशाल म्हणा. खरंच मानसिक आजार असलेल्या माणसाला मात्र लावू नका, इंग्रजीतही ते टोचतं. आणि 'ही इज डूलॅली' किंवा 'गॉन डूलॅली' म्हणायचं, टॅप आता कोणी जोडत नाही.