पहिला यार्ड सेल: सुटे पैसे आधी

अमेरिकेतल्या पहिल्या यार्ड सेलसाठी (घराच्या अंगणात मांडलेली जुन्या वस्तूंची विक्री) जाहिरात तर तुम्ही करालच. पण खरी पंचाईत होते ती सुट्ट्या पैशांची. सकाळचं पहिलंच गिऱ्हाईक २ डॉलरच्या वस्तूला २० ची नोट काढतं. १ डॉलरच्या २० नोटा, ५ च्या ६ आणि क्वार्टरची, म्हणजे २५ सेंटच्या नाण्यांची, एक गुंडाळी (४० नाणी, म्हणजे १० डॉलर) असे ६० डॉलर आदल्या दिवशीच बँकेतून आणा. पैसे डब्यात नको, कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा.

प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवाच. किंमत दिसली नाही की बरेच जण न विचारता पुढे जातात. कपडे जमिनीवर पसरू नका, टांगा. विजेच्या वस्तूंसाठी एक्स्टेंशन वायर बाहेर काढून ठेवा, चालू करून दाखवलेला टोस्टर पटकन जातो. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर तिथल्या १२० व्होल्टवर नीट चालत नाही, तेव्हा तसं त्यावर स्पष्ट लिहा.

आणि कृपा करून, बाजू खाली सरकणारा जुना पाळणा अजिबात विकू नका. बाळं अडकून दगावल्यामुळे २०११ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, घरगुती सेलमध्येसुद्धा. सेलच्या परवान्याचे नियम गावागणिक वेगळे, सिटी हॉलमध्ये (नगरपालिकेच्या कार्यालयात) आधी विचारा.