ततपप, बोबडी, चाचरणे: बातमीत कोणता शब्द?

परवा चोरीच्या बातमीत मी 'संशयित उत्तर देताना अडखळला' असं लिहिलं होतं. डेस्कवर त्याचं 'ततपप करू लागला' झालं आणि तसंच छापून आलं. मी लहानपणापासून तोतरं बोलतो आणि नाशकात बातमीदारी करतो, म्हणून ते फार लागलं. 'ततपप करणे' म्हणजे पकडलं गेल्यावर उत्तर न सुचणे. मला उत्तर सुचलेलं असतं, ते तोंडातून बाहेर पडत नाही.

बोबडं बोलणाऱ्याचा उच्चार बदलतो, 'राम'चा 'लाम' होतो. तोतरेपणात उच्चार नीट असतो. पण अक्षर पुन्हा पुन्हा येतं, लांबतं, नाहीतर आवाजच फुटत नाही. 'बोबडी वळते' ती भीतीने, आणि 'चाचरणे'मध्येही कचरण्याची छटा आहेच. तोतरेपणा बहुतेकांना २ ते ५ वर्षांच्या वयात सुरू होतो. दडपणाने तो वाढतो, पण त्याचं मूळ भीतीत नसतं. आपले वाक्प्रचार मात्र जीभ अडली की माणूस भ्यालेला किंवा लबाड, असंच धरून चालतात.

मला 'प' अडतो. एरवी शब्द बदलून निभावतं, पण गावाचं नाव कसं बदलणार? पंचवटीऐवजी 'रामकुंडाजवळ' म्हणून मी कितीदा वेळ मारून नेली आहे. पिंपळगाव बसवंतला काय म्हणू? गोदावरीला पूर आला तेव्हा एका वाहिनीला फोनो, म्हणजे फोनवरून थेट माहिती, देत होतो. 'पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत' एवढंच सांगायचं होतं; नदीपात्रातल्या या मूर्तीवरून नाशकात पुराचा अंदाज घेतात. 'पाणी'लाच अडलो. तिकडून 'हॅलो, आवाज येतोय का?' आणि फोन बंद. लाइन चालू होती, मीही तिथेच होतो.

माणसाबद्दल लिहिताना मला 'बोलताना अडखळतात' बरं वाटतं. 'तोतरा' नको, 'तोतरेपणाने ग्रस्त'ही नको. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद: 'तोतरा' हाक मारून चिडवतात, तो टाळावा हे पटलं. पण संशयिताबद्दलचं तुमचं 'अडखळला' तरी काय सांगतं? तोही लहानपणापासून अडखळत असेल तर?

धागाकर्ता: बरोबर आहे, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आत्ता वही काढून पाहिली. पोलिसांनी सांगितलं होतं, 'त्या रात्री कुठे होतास याची त्याने दोनदा वेगवेगळी उत्तरं दिली.' तेवढंच लिहायला हवं होतं.